घोरणारं लेकरू आणि टॉन्सिलचं ऑपरेशन: ठरवण्यापासून बरं होईपर्यंत

खान्देशात आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) घर पाहुण्यांनी भरतं, गच्चीवर ओळीने अंथरुणं पडतात आणि सकाळी आत्या चहा पिता पिता म्हणते, "पोऱ्या रातभर घोरस ना!" आई-वडिलांच्या कानाला त्या आवाजाची सवय झालेली असते. आजीचं उत्तर ठरलेलं: "दमेल शे, म्हनीसन घोरस."

दमलेलं मूल गाढ झोपतं, पण दमल्यामुळे घोरत नाही. सर्दीत चार रात्री घोरणं वेगळं. सर्दी-पडसं नसताना आठवड्यातल्या तीन किंवा जास्त रात्री मूल घोरत असेल, तर श्वासाची वाट कुठेतरी अरुंद आहे असं समजून पुढे तपास करायचा. दोन ते आठ वर्षांच्या वयात याचं सर्वांत मोठं कारण म्हणजे पडजिभेच्या दोन्ही बाजूंच्या टॉन्सिलच्या गाठी आणि नाकाच्या मागे दडलेली अ‍ॅडेनॉइडची गाठ. या वयात गाठी मोठ्या आणि घसा लहान. झोपेत घशाचे स्नायू सैलावतात. विहिरीवरच्या मोटरच्या मऊ सक्शन पाइपाच्या तोंडाशी कचरा अडकला की पाइप ओढीने आत चिपकतो, तसं मूल जोर लावून हवा ओढतं तेव्हा घशाचं होतं. हवा क्षणभर अडते, रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू दचकून जागा होतो, मूल कूस बदलतं आणि पुन्हा झोपतं. रात्रीतून हे कितीतरी वेळा घडतं. सकाळी मुलाला यातलं काहीच आठवत नाही.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, कारण ओपीडीबाहेर सगळा घोळ इथेच होतो. ऑपरेशनचा निर्णय गाठ किती मोठी दिसते यावर होत नाही. मुलाची रात्र कशी जाते आणि दिवस कसा जातो, यावर होतो. घसा भरून गाठी असलेली काही मुलं शांत झोपतात, आणि मध्यम गाठीच्या काही मुलांचे हाल चालू असतात. म्हणून पहिलं काम घरी आहे आणि ते तुमचंच आहे.

आधी रात्र बघा

मूल झोपल्यावर तासा-दोन तासांनी आणि मग पहाटे, असं दोनदा बघा. पहाटे तीन-चारच्या पुढे त्रास जास्त दिसतो. अंगातला सदरा वर करा, छोटा दिवा लावा, पंख्याचा आवाज कमी करा आणि मोबाइलवर दोन-तीन मिनिटांचा सलग व्हिडिओ घ्या. चेहरा, गळा, छाती आणि पोट एकाच चौकटीत यायला हवं. नुसता घोरण्याचा आवाज डॉक्टरांच्या फारसा कामाचा नाही.

व्हिडिओत काय बघायचं? गळ्याच्या खाली, दोन हाडांच्या मधला खळगा प्रत्येक श्वासाला आत जातो का. बरगड्यांच्या खालचा भाग आत ओढला जातो का. पोट वर येतं तेव्हा छाती खाली जाते का. एरवी दोन्ही एकत्र वर-खाली व्हायला हवीत. घोरणं एकदम थांबतं, छाती-पोट हलत राहतं पण हवेचा आवाज नाही, आणि मग हुंदका दिल्यासारखा मोठा श्वास, असं होत असेल तर तीच खूण डॉक्टरांना बघायची असते. मान मागे टाकून, तोंड उघडं ठेवून किंवा उशीवर पालथं, गुडघे पोटाशी घेऊन झोपणं. जानेवारीच्या गारठ्यातही उशी घामाने ओली होणं. पाच वर्षं उलटून गेल्यावर, मधे थांबलेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू होणं.

श्वास थांबताना ओठ निळसर पडत असतील, किंवा मुलाला उठवणं जड जात असेल, तर पुढचं वाचत बसू नका. त्याच दिवशी दवाखान्यात न्या.

मग दिवस, आणि तो कागदावर

मोठ्या माणसाची झोप अपुरी झाली की तो पेंगतो. लहान मूल उलट चेकाळतं. म्हणूनच हे मूल शाळेत 'खोडकर', 'एका जागी बसत नाही', 'लक्ष नाही' म्हणून ओळखलं जातं. सकाळी उठताना रडारड, डोकं दुखणं, कोरडं तोंड, घास गिळायला वेळ लागतो म्हणून जेवणाला तासभर, वजन न वाढणं, सतत उघडं तोंड. हे सगळं सुटं सुटं सांगितलं की डॉक्टरही सुटी सुटी औषधं देतात.

यासाठी ओएसए-१८ नावाची १८ प्रश्नांची प्रश्नावली जगभर वापरली जाते. गेल्या चार आठवड्यांतली झोप, शारीरिक त्रास, मनःस्थिती, दिवसाचं वागणं आणि पालकांची काळजी असे तिचे पाच भाग. प्रत्येक प्रश्नाला १ ते ७ गुण, म्हणजे एकूण १८ ते १२६. साठच्या खाली असेल तर आयुष्यावर परिणाम थोडा, ६० ते ८० मध्यम, ८० च्या वर मोठा. ही प्रश्नावली आजाराचं निदान करत नाही. तिचा खरा उपयोग आधी आणि नंतर तोच कागद भरून तुलना करण्याचा. डॉक्टरांना मागा. नाही मिळाली तर वहीच्या पानावर पाच गोष्टी लिहून महिनाभर खुणा करा: रात्री घोरणं, श्वास अडकणं, अंथरूण ओलं होणं, सकाळची चिडचिड, शाळेतून आलेली तक्रार. आई-वडिलांपैकी रात्री मुलाजवळ जो झोपतो त्याने हे भरावं.

कोणाला दाखवायचं

आधी बालरोगतज्ज्ञ, मग कान-नाक-घसा तज्ज्ञ. शाळेत किंवा अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं तेव्हा त्यांनाही व्हिडिओ दाखवा. त्यांच्यामार्फत पुढे पाठवण्याची सोय असते. जळगाव, धुळे आणि नंदुरबार तिन्ही ठिकाणी सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. खर्चाबाबत महात्मा फुले जनआरोग्य योजनेत हे ऑपरेशन त्या रुग्णालयात बसतं का, हे भरती होण्याआधी तिथल्या आरोग्यमित्राला विचारा. भरती झाल्यावर विचारण्यात अर्थ नसतो.

डॉक्टर टॉन्सिलला १ ते ४ अशी श्रेणी देतात. अ‍ॅडेनॉइड तोंडातून दिसत नाही, म्हणून मानेचा बाजूने एक्स-रे किंवा नाकातून बारीक दुर्बीण. झोपेची खरी तपासणी म्हणजे पॉलिसोम्नोग्राफी: रात्रभर तारा लावून श्वास, ऑक्सिजन, मेंदूच्या लहरी मोजणं. लहान मुलांसाठी ही सोय बहुतेक मोठ्या शहरांतच मिळते. एरवी निरोगी असलेल्या मुलाची लक्षणं आणि गाठी एकमेकांशी जुळत असतील, तर तिच्याशिवायही निर्णय होतो. पण काही मुलांत ती टाळू नये: दोन वर्षांखालची, लठ्ठ, डाउन सिंड्रोम असलेली, चेहऱ्या-जबड्याची ठेवण वेगळी असलेली, स्नायूंचे आजार असलेली आणि सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची मुलं.

सिकलसेलवर इथे थांबायलाच हवं. नंदुरबार आणि सातपुड्याच्या पट्ट्यात, भिल्ल-पावरा घरांत हा आजार भरपूर आहे आणि कित्येकांना तो असल्याचं माहीतही नसतं. या मुलांना रात्री ऑक्सिजन उतरणं दुप्पट महागात पडतं, कारण कमी ऑक्सिजनमध्येच त्यांच्या रक्तपेशी विळ्यासारख्या वाकतात आणि वेदनेचा झटका येतो. भूल, उपाशी राहणं, पाणी कमी पडणं, गार खोली यांनीही तेच होऊ शकतं. काहींना ऑपरेशनआधी रक्त द्यावं लागतं, सलाइन आधीपासून चालू ठेवावं लागतं. म्हणून या भागातल्या मुलाची सिकलसेल तपासणी झालेली नसेल तर ती आधी. साध्या सोल्युबिलिटी चाचणीत मूल नुसतं वाहक आहे की आजारी, हे कळत नाही. ती पॉझिटिव्ह आली तर इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही रक्ताची पक्की तपासणी करून घ्यायची. जुलै २०२३ मध्ये सुरू झालेल्या सिकलसेलच्या राष्ट्रीय मोहिमेत तपासणी मोफत होते. कार्ड मिळालं असेल तर ते फाइलच्या अगदी वर लावा.

थांबायचं की करायचं

त्रास सौम्य असेल तर घाई नको. नाकात सलाइनचे थेंब किंवा स्टेरॉइडचा स्प्रे सहा आठवडे वापरून बघतात. ऑस्ट्रेलियातल्या एका चाचणीत, जिचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले, नुसत्या सलाइननेही दहापैकी चार मुलांची लक्षणं गेली, स्टेरॉइड स्प्रेनेही जवळपास तेवढ्यांचीच. स्वस्तातला उपाय आधी करून बघायला हरकत काय? सोबत घरातली बिडी-सिगारेट बंद, चुलीच्या धुरापासून मुलाचं अंथरूण लांब, वजन जास्त असेल तर त्यावर काम. माँटेलुकास्ट हे अ‍ॅलर्जीचं औषध दिलं तर मुलाच्या वागण्यात, झोपेत, स्वप्नांत काही बदल दिसतो का याकडे लक्ष ठेवा. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० मध्ये त्यावर कडक इशारा छापायला लावला.

ऑपरेशनने काय मिळतं, यावर दोन मोठ्या चाचण्या आहेत, दोन्ही अमेरिकेतल्या. पहिली २०१३ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आली. झोपेत श्वास अडणारी ५ ते ९ वर्षांची ४६४ मुलं. निम्म्यांचं ऑपरेशन लगेच, निम्म्यांना सात महिने थांबवलं. एकाग्रता आणि नियोजनाच्या लेखी-तोंडी चाचण्यांत दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. पण घोरणं, वागणूक, जगण्याचा दर्जा यांत ऑपरेशन झालेली मुलं स्पष्ट पुढे होती. झोपेची तपासणी नॉर्मल आली ती ऑपरेशनच्या गटात ७९ टक्के मुलांची, थांबलेल्यांत ४६ टक्क्यांची. म्हणजे थांबूनही निम्म्याच्या आसपास मुलं सुधारली, हेही लक्षात घ्या. मात्र ज्यांचा ऑक्सिजन फार उतरत होता अशांना या चाचणीत घेतलंच नव्हतं. त्यांना थांबवणं बरोबर नाही. दुसरी चाचणी २०२३ ची, सौम्य त्रासाच्या ४५९ मुलांवर, वर्षभराची. चित्र तेच: एकाग्रतेच्या चाचणीत फरक नाही, झोप, वागणूक, जगण्याचा दर्जा आणि रक्तदाब यांत सुधारणा.

माझं मत यावरून सरळ आहे. पोरगं हुशार होईल, मार्क वाढतील म्हणून ऑपरेशन करू नका. तसं कोणी सांगत असेल तर त्यावर विसंबू नका. त्याला रात्र धड मिळावी, सकाळ चांगली जावी, घराची चिडचिड थांबावी, यासाठी करायचं असेल तर आधार पक्का आहे.

'टॉन्सिल काढले की प्रतिकारशक्ती जाते' ही धास्ती प्रत्येक घरात असते. प्रतिकाराचं काम करणाऱ्या गाठी घशात आणि मानेत आणखीही असतात, आणि ऑपरेशननंतर मुलं सारखी आजारी पडू लागतात असं डॉक्टरांना दिसत नाही. डेन्मार्कमधल्या सुमारे १२ लाख मुलांच्या नोंदींवरचा २०१८ चा एक अभ्यास मात्र पुढच्या आयुष्यात श्वसनाचे आजार जास्त दिसतात असं सांगतो. त्यातून ऑपरेशन हेच कारण असं सिद्ध होत नाही. तरी गरज नसताना करू नये, एवढं त्यातून घ्यावं.

तारीख कधीची घ्यायची

आपल्याकडे सगळे मे महिन्याची सुट्टी धरतात. शाळा बुडत नाही हे खरं, पण भुसावळ-जळगावचा पारा ४५ च्या घरात असताना ज्याला घोटभर पाणी गिळायला दुखतं असं मूल घरात ठेवणं अवघड आहे, त्यात लाईट गेली तर आणखी. जमत असेल तर दिवाळीची सुट्टी बरी. त्रास मोठा असेल तर मात्र ऋतू बघत बसू नये.

तारखेच्या आधी या गोष्टी न विचारता सांगा: मुलाला किंवा घरात कोणाला जखम झाल्यावर रक्त लवकर थांबत नाही का, नाकातून रक्त येतं का, कुठली देशी, आयुर्वेदिक किंवा रोजची औषधं चालू आहेत, दम्याचा त्रास, हलणारा दात. पडजीभ दुभंगलेली दिसत असेल तर तेही, कारण अशा मुलाची अ‍ॅडेनॉइड पूर्ण काढली तर बोलणं नाकातून येऊ शकतं. ताप किंवा छातीत कफ असेल तर ऑपरेशन पुढे ढकला. एसटीचं तिकीट काढलंय, रजा टाकलीय, म्हणून सर्दी लपवू नका. आधीच नाजूक असलेला श्वास भुलेखाली तिथेच बिघडतो.

उपाशी ठेवण्याचा नियम साधारण असा: अन्न आणि दूध सहा तास आधी बंद, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत. 'रात्रीपासून काहीच नको' असं ऐकून लेकराला दुपारपर्यंत तहानलेलं ठेवू नका. वेळ विचारून घ्या.

ऑपरेशन पूर्ण भुलेत, तोंडातूनच होतं. बाहेर टाका नाही. साधारण अर्धा-पाऊण तास. हत्यारांची जुनी पद्धत, कॉटरी (विजेच्या उष्णतेने), कोब्लेशन (कमी उष्णतेच्या लहरींनी) यांतली कुठली, हे डॉक्टरांच्या हातावर सोडा; जास्त पैशाची म्हणून चांगली असं नाही. टॉन्सिलचा बाहेरचा पापुद्रा ठेवून आतला भागच काढण्याचा पर्याय नुसत्या घोरण्यासाठी असतो. दुखणं आणि रक्तस्राव कमी, पण गाठ पुन्हा वाढण्याची थोडी शक्यता. विचारायला हरकत नाही. तीन वर्षांखालचं मूल किंवा मोठा त्रास असेल तर ती रात्र दवाखान्यातच, ऑक्सिजन मोजणारं यंत्र बोटाला लावून. घरी नेतो असा आग्रह धरू नका.

ते दहा-बारा दिवस

दुखणं दोन दिवसांत जाईल ही समजूत काढून टाका. ते आठवडा-दहा दिवस राहतं, तिसऱ्या ते पाचव्या दिवशी वाढतं, आणि सकाळी उठल्यावर सर्वांत जास्त असतं, कारण रात्रभर घसा कोरडा पडलेला असतो. कान दुखेल, तो घशातलाच ठणका कानात जाणवतो, कानात तेल घालू नका. तोंडाला वास येईल. टॉर्च मारून पाहिलं तर टॉन्सिलच्या जागी पांढरट-पिवळट साय दिसेल. हा पू नाही, खपली आहे. ती खरवडायची नाही, हळदीचा बोळा फिरवायचा नाही. त्यासाठी अँटिबायोटिकचीही गरज नसते.

दुखण्याचं औषध मूल रडल्यावर नाही, घड्याळ बघून द्या. पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन, डॉक्टरांनी वजनावरून लिहून दिलेल्या मात्रेत. पहिले काही दिवस पहाटेच्या डोसला उठवावं लागतं. अ‍ॅस्पिरिन नको. कोडीन आणि ट्रॅमाडॉल या मुलांना देऊ नयेत. काही मुलांच्या शरीरात त्यांचं रूपांतर इतक्या वेगाने होतं की श्वास मंदावतो, आणि यात मृत्यू झालेले आहेत. चिठ्ठीवर ट्रॅमाडॉल दिसलं तर औषध घेण्याआधी डॉक्टरांना पुन्हा विचारा. मेडिकलवाल्याला विचारून खोकल्याचं औषधही आणू नका.

पाणी सगळ्यात महत्त्वाचं. वीस किलोच्या मुलाला एरवीच दिवसाला साधारण दीड लिटर द्रव लागतं, उन्हाळ्यात त्याहून जास्त. औषध दिल्यावर अर्ध्या तासाने दुखणं उतरतं, तेव्हा पाजा, घोट घोट, दिवसभर. न पिणाऱ्या मुलाचा घसा जास्त सुकतो आणि जास्त दुखतो. घरातले म्हणतील गार नको. इथे गारच हवं: गार दूध, कुल्फी, आइस्क्रीम, ताक गोड असेल तर. आणि केळी. गावभर केळीच्या बागा, आणि सर्दी होते म्हणून पोराला केळं मना, हा आपला उफराटा कारभार. या दिवसांत मऊ पिकलेल्या केळ्यासारखं दुसरं अन्न नाही. मऊ खिचडी, वरण-भात, लापशी, ज्वारीची पेज, गार करून. शेवभाजी, ठेचा, तिखट वरण, कळण्याच्या भाकरीचा कडक पापुद्रा, बिबडे, चिवडा आणि आंबट काहीही दोन आठवडे नाही. लाल सरबत आणि बीटही टाळा, नाहीतर उलटी झाली की रक्त की सरबत हे कळत नाही. चघळायला लावा, बोलायला लावा. गिळण्याचे स्नायू जितके हलतील तितकं आखडणं कमी.

पहिल्या काही रात्री सुजेमुळे मूल घोरेलच. पाणी नाकातून येणं, आवाज बदलणं, हेही काही दिवसांत जातं. बारा तास लघवी नाही, ओठ-जीभ सुकलेली, मूल मलूल, किंवा ताप १०१ च्या वर राहतोय, तर फोन करा.

रक्त

ऑपरेशननंतर पहिल्या २४ तासांत, आणि पुन्हा साधारण पाचव्या ते दहाव्या दिवसात खपली सुटताना, रक्त येऊ शकतं. हा दुसरा रक्तस्राव शंभरात फार तर तीनेक मुलांत होतो, पण तो घरी असताना होतो, बहुतेकदा सगळं ठीक झालंय असं वाटू लागतं तेव्हा. झोपेत मूल सारखं गिळतंय, ही त्याची सुरुवात असू शकते. टॉर्चने घसा बघा. थुंकीत ताजं लाल रक्त, गुठळी, किंवा कॉफीसारखी काळपट उलटी दिसली तर बसतं करा, पुढे वाकवा, रक्त थुंकू द्या, खायला-प्यायला काही देऊ नका आणि निघा. १०८ ला फोन करा किंवा मिळेल ते वाहन घ्या. रस्त्यात थांबलं तरी दाखवायचंच.

म्हणून घरी जातानाच विचारा: रात्री दोन वाजता कान-नाक-घसा डॉक्टर आणि भूलतज्ज्ञ दोघेही कुठे मिळतील? दोघेही. धडगाव-अक्कलकुव्याकडच्या पाड्यांवरच्या कुटुंबांनी तर हे दहा-बारा दिवस नंदुरबार, शहादा, तळोद्यात नातेवाइकांकडे काढावेत. पावसाळ्यात चांदसैली घाटात दरड आली तर पाड्यावरून खाली उतरायचाच प्रश्न. घर लांब आहे हे डॉक्टरांना आधी सांगितलं तर ते दवाखान्यातले दिवसही वाढवतात.

शाळा दहा ते चौदा दिवसांनी. धावणं, सायकल, पोहणं, लग्नाचा प्रवास दोन आठवडे बंद.

नंतरची तपासणी

सहा ते आठ आठवड्यांनी तीच जागा, तोच दिवा, पहाटेचा व्हिडिओ, आणि तोच प्रश्नांचा कागद पुन्हा भरा. गुण उतरले, घोरणं गेलं, तर झालं. अंथरूण ओलं होणं थांबायला काही मुलांना जास्त वेळ लागतो. वजन या काळात वाढतं. हडकुळ्या मुलाचं वाढलं तर चांगलंच, पण आधीच जाड असलेल्या मुलाच्या ताटाकडे लक्ष द्या, नाहीतर घोरणं परततं.

लठ्ठ मुलं, दमा असलेली, डाउन सिंड्रोमची, किंवा आधी फार त्रास असलेली, यांच्यात ऑपरेशननंतरही काही त्रास शिल्लक राहू शकतो. त्यांच्यासाठी 'गाठी काढल्या, संपलं' असं नाही. घोरणं चालू असेल तर आता झोपेची तपासणी करून घ्यावीच, त्यासाठी नाशिक-पुणे गाठावं लागलं तरी. त्यातून पुढचं ठरतं: नाकाचा स्प्रे, जबडा रुंद करण्यासाठी दातांच्या डॉक्टरांची तार, वजन, किंवा रात्री नाकावर मास्क लावून हवेचा दाब देणारं सीपॅप यंत्र. आणि एक कागद वर्गशिक्षकांकडे द्या, दोन ओळींचा, आधीच्या आणि आताच्या वागण्यात काय फरक दिसतो एवढंच विचारणारा. मूल दिवसाचा बराच वेळ त्यांच्यासमोर असतं.